शहाण्यांचा वेडेपणा : मुंबई, १८६५



बी.कॉम.ला असताना आम्हाला भारतातल्या बँकांचा इतिहास थोडासा होता. त्यात बँक ऑफ बॉम्बेबद्दल एवढंच होतं की ती १८४० मध्ये निघाली, सट्ट्याच्या कर्जात अडकली आणि १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. पाठ केलं, पेपरात लिहिलं, विसरून गेले. बँक बुडते म्हणजे नक्की काय होतं, आणि ती बुडत असताना तिथे बसलेली शिकलेली-सवरलेली माणसं काय करत होती, असे प्रश्न त्या वयात पडत नाहीत. ताळेबंद जुळला की आम्ही खूश.

आता साठी ओलांडल्यावर ते प्रकरण नीट वाचून काढलं. ज्याला कळत नाही तो मूर्ख, असं आपण धरून चालतो. पण १८६५ साली मुंबईत ज्यांची घरं बसली त्यांना सगळं कळत होतं. गावातली हुशारातली हुशार माणसं होती ती.

अमेरिकेत एप्रिल १८६१ मध्ये उत्तरेची आणि दक्षिणेची राज्यं एकमेकांशी लढायला उभी राहिली. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या तोपर्यंत बहुतेक कापूस दक्षिणेकडच्या राज्यांतून आणायच्या. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि गिरण्यांची चाकं थांबायला लागली. एरवी आपल्या कापसाला हे लोक नाक मुरडायचे. धागा आखूड, त्यात कचरा मिसळलेला, अशी तक्रार. आता तोच कापूस मिळेल त्या भावाने उचलू लागले. भाव काही वर्षांत तिप्पट-चौपट झाला. लोकांनी गाद्या-उशा उसवून आतला कापूससुद्धा बंदरावर पाठवला असं सांगतात. आपल्याकडे दर दोन-तीन वर्षांनी पिंजाऱ्याकडून गादी भरून घेणाऱ्या बायकांना याचा अर्थ बरोबर कळेल. जुना, दबलेला, घामाचा कापूस! तोही गेला.

या पैशाशी आपल्या भागाचाही एक धागा आहे. बी.बी.सी.आय. रेल्वे गुजरातेत सुरू झाली होती, पण मुंबईपर्यंत पोचली नव्हती. वसईची खाडी, वैतरणा, असे मोठे पूल वाटेत होते. नोव्हेंबर १८६४ मध्ये सुरतेकडून ग्रँट रोडपर्यंत सलग गाडी धावू लागली, म्हणजे कापसाचा भाव अगदी चढलेला असताना. आज बोईसर आणि पालघर ज्या मार्गावर उभी आहेत तो हाच मार्ग. गुजरातचा कापूस आपल्या भाताच्या खाचरांमधून मुंबईकडे जात होता.

पाच वर्षांत कापसाच्या नेहमीच्या किमतीपेक्षा सुमारे ८१ कोटी रुपये जास्तीचे मुंबईत आले, असा हिशेब तेव्हाच्या लोकांनी मांडला आहे. १८६४ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती होती ८,१६,५६२. एवढ्याशा शहरात एवढा पैसा. तो घरात ठेवून काय करायचं? इथपर्यंत सगळं व्यापाराचंच होतं, मूर्खपणाचा त्यात भाग नव्हता. माल होता, गिऱ्हाईक होतं, पैसे रोख येत होते.

मग कंपन्या निघायला लागल्या. जानेवारी १८६५ मध्ये मुंबईत ३१ बँका, १६ वित्त कंपन्या आणि ८ जमीन कंपन्या होत्या, शिवाय विमा, जहाजं आणि कापूस दाबायचे प्रेस वेगळे. एकतीस बँका! आज पालघर स्टेशनसमोर उभं राहून मोजल्या तर दहा-बारा भरतील, आणि त्यांनाही ठेवी मिळवायला धावपळ करावी लागते. त्या बँका उधार कोणाला देत होत्या? शेअर घेणाऱ्यांना. तारण काय? तेच शेअर. म्हणजे भाव चढला की तारण वाढलं, तारण वाढलं की कर्ज वाढलं, कर्ज वाढलं की त्यातून पुन्हा शेअर, आणि भाव आणखी वर. अकाउंटन्सीच्या पहिल्या वर्षाला असलेली मुलगीही विचारील की यात उत्पन्न कुठे आहे. शेअर दलालांची संख्या १८६० मध्ये साठच्या आसपास होती, ती दोन-तीन वर्षांत दोनशेच्या वर गेली.

सगळ्यात गाजली ती बॅक बे रिक्लमेशन कंपनी. कुलाब्यापासून मलबार हिलच्या पायथ्यापर्यंत समुद्र मागे हटवायचा आणि जमीन काढून विकायची, ही तिची योजना. वाईट नव्हती, हे आधीच सांगते. मुंबईला जमीन हवीच होती. गव्हर्नर बार्टल फ्रिअर किल्ल्याचे तट पाडून शहर मोकळं करत होते. फक्त ज्या शेअरचे ५,००० रुपये भरलेले होते तो ५०,००० पर्यंत गेला तेव्हा भर टाकायचं काम जेमतेम चालू होतं. माणसं समुद्राच्या पाण्याचे भाव लावत होती.

आणि या सगळ्याच्या मध्यभागी आपल्यातलेच एक गृहस्थ होते, प्रेमचंद रायचंद. सुरतेचं जैन कुटुंब, वडील मुंबईत व्यापाराला आलेले, मुलगा इंग्रजी शिकलेला. कापूस, सोनं-चांदी आणि शेअर यांची दलाली करता करता तिशीच्या सुरुवातीलाच हा माणूस मुंबईचा बाजार हलवू लागला. नवीन कंपनी निघाली की तिचे शेअर कोणाला किती मिळणार हे त्यांच्या शब्दावर ठरायचं. बँक ऑफ बॉम्बेच्या व्यवहारावर त्यांचं इतकं वजन होतं की त्यांनी सांगितलं की कर्ज मिळायचं. त्यांच्या दारात सकाळपासून रांग असायची, आणि त्या रांगेत पारशी, गुजराती, मराठी, इंग्रज, सरकारी नोकर, वकील, सगळे असायचे.

पुष्कळ ठिकाणी त्यांच्यावर सगळं खापर फोडून लेख संपवलेला दिसतो. मला ते पटत नाही. कमिशनसमोर ते कसे उभे राहिले, बँकेची कर्जं त्यांच्या शब्दावर कशी गेली, हे खरं आहे आणि त्याचा बचाव मी करणार नाही. पण रांगेतल्या माणसाला कोणी हात धरून आणलं नव्हतं. आपण फसलो तेव्हा कोणीतरी एक फसवणारा सापडला की मनाला फार बरं वाटतं. मग स्वतःकडे बघावं लागत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. युद्ध संपणार हे मुंबईत कोणाला माहीत नव्हतं? युद्धं संपतातच. संपलं की अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात येणार आणि आपला भाव पडणार, हे तर कापसाचा हमालसुद्धा सांगू शकला असता. डाकेच्या बोटीने लढाईच्या बातम्या यायच्या आणि बाजार त्या बारकाईने वाचायचा. १८६४ च्या अखेरीस दक्षिणेची बाजू ढासळते आहे हे दिसत होतं. तरी शेअर घेणं थांबलं नाही, कारण प्रत्येकाचा हिशेब एकच होता की मी वेळेवर बाहेर पडेन. बाकीचे अडकतील, मी एक स्टेशन आधी उतरेन. विरारच्या गाडीत दारापाशी उभ्या असलेल्या प्रत्येकाला वाटतं ना की गाडी थांबायच्या आत आपण बरोबर उडी मारू, तसं. दार एकच असतं आणि उतरणारे शंभर, हे शंभरातल्या कोणाच्याच हिशेबात नसतं.

९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेच्या जनरल ली यांनी शरणागती पत्करली. बातमी मुंबईला पोचली आणि कापूस कोसळला. कापसामागोमाग शेअर. पण खरा घाव पुढे होता. पुष्कळ सौदे वायद्याचे होते, म्हणजे आज भाव ठरवायचा आणि शेअर व पैसे अमुक तारखेला द्यायचे. तशा ढीगभर वायद्यांची तारीख होती १ जुलै १८६५. चढ्या भावात दिलेले शब्द त्या दिवशी पाळायचे होते. खरेदीदारांकडे पैसे नव्हते. ज्याला देणं होतं त्याचं येणं दुसऱ्याकडे होतं आणि दुसऱ्याचं तिसऱ्याकडे, त्यामुळे एक जण पडला की मागची रांग पडत गेली. बॅक बेचा ५०,००० चा शेअर २,००० च्याही खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २,८५० पर्यंत चढला होता, तो शेवटी ८७ रुपयांना विकला गेला. टाटांच्या घराला झळ लागली. तरुण जमशेटजींना लंडनमध्ये भारतीय बँक काढायला इंग्लंडला पाठवलं होतं, ती बँक कागदावरच राहिली. १८७२ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ६,४४,४०५ भरली. आठ वर्षांत पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं कमी. आधीची मोजणी थोडी फुगलेली धरली तरी पोटासाठी आलेली किती माणसं गाव सोडून गेली असतील याचा अंदाज येतो.

दिनशा वाच्छा त्या वेळी विशीचे होते. पुढे १९१० मध्ये त्यांनी या प्रकरणावर इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक लिहिलं. चौकशी कमिशनही १८६८ मध्ये बसलं. या सगळ्यात कोणाचं किती लाखांचं देणं होतं याचे आकडे मिळतात. कोणत्या घरातल्या बाईच्या अंगावरचं काय उतरलं, याचे मिळत नाहीत. ते आकडे कधीच कोणाच्या वहीत नसतात.

मी इतिहास वाचते तो पाठशाळेत शिकलेल्या गोष्टी डोक्यात ठेवून, त्याला इलाज नाही. लहानपणी आठ कर्मं शिकवताना प्रत्येकाला एक उपमा सांगायचे. ज्ञानावरणीय म्हणजे डोळ्यांवरची पट्टी. मोहनीय म्हणजे मद्य. त्या वयात दोन्ही सारखंच वाटायचं, दिसत नाही तर दिसत नाही. पण ही दोन वेगळी कर्मं आहेत हे मला या मुंबईच्या प्रकरणात खरं कळलं. पट्टी बांधलेल्या माणसाला रस्ता दिसत नाही, पण कोणी सांगितलं की पुढे खड्डा आहे, तर तो थांबतो. प्यालेल्याला खड्डा दिसत असतो. तुम्ही सांगितलंत तर तो हसून म्हणतो, माहितीये, आणि चालत राहतो. १८६५ च्या मुंबईच्या डोळ्यांवर पट्टी नव्हती. म्हणून तिला माहिती देऊन उपयोग झाला नसता.

इंग्लंडमध्ये १७२० साली साउथ सी कंपनीच्या शेअरचा असाच फुगा फुटला. त्यात खुद्द आयझॅक न्यूटनचे पैसे बुडाले. ग्रहांचं गणित मांडणाऱ्याला शेअरचं गणित येत नव्हतं असं म्हणायचं का?

आमच्याकडे सप्तव्यसनांत पहिलं जुगार. जुगार म्हटलं की आपण दचकतो. तोच व्यवहार सौदा म्हणून समोर आला की विचारतो, भाव काय चाललाय? नाव बदललं की दोष जातो, ही सोय आपण व्यापारी लोकांनी फार जुनी करून ठेवली आहे.

आपल्या पट्ट्यात या गोष्टी मी दोनदा जवळून पाहिल्या. पहिली १९९० नंतरची, सागाच्या झाडांची. एवढे पैसे भरा, तुमच्या नावाने रोपं लावू, वीस वर्षांनी लाखो रुपये. रंगीत कागदावर हिरवीगार रोपं, खाली वर्षनिहाय तक्ता. आमच्या ओळखीत शिक्षकांनी घेतली, बँकेतल्या कारकुनांनी घेतली, एका फॉरेस्ट खात्यातल्या गृहस्थांनीसुद्धा घेतली. आपल्या जंगलात साग आहे, तो किती वर्षांत केवढा वाढतो हे या भागात शाळकरी पोरांनाही माहीत असतं. तरीही घेतली. आम्ही त्यात नव्हतो, पण ते शहाणपण नव्हतं. त्या वर्षी घरात दोन लग्नं होती आणि हातात पैसाच नव्हता. १९९९ मध्ये सेबीने अशा सामूहिक योजनांसाठी नियम केले, तोपर्यंत कितीतरी कंपन्यांच्या ऑफिसना कुलूप लागलेलं होतं.

दुसरी आत्ताची, आणि ती मला जास्त छळते. बोईसरच्या एका ओळखीच्या घरातला मुलगा तारापूर एमआयडीसीत इंजिनिअर आहे. गुणी मुलगा, पर्युषणात अठ्ठाई केलेला. दीड-दोन वर्षांपासून मोबाईलवर ऑप्शनचे सौदे करतो. फ्लॅटच्या बुकिंगसाठी ठेवलेले पैसे गेले. मग त्याच्या आईने पाटल्या मोडल्या. नवऱ्याला सांगितलं की घट्ट होत होत्या. ती माझ्याजवळ बसून हे बोलली तेव्हा मला वाटलं, याला आकडे दाखवावेत. बी.कॉम. बाईचा पहिला विचार आकड्यांचाच. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मी त्याच्यापुढे ठेवला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्के लोक तोट्यात, सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त.

तो म्हणाला, "मावशी, मला माहितीये. शंभरातले त्र्याण्णव हरतात. म्हणून तर मी अभ्यास करून करतो."

मी गप्प बसले. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे. लागोपाठ दोन वर्षं तोटा झालेल्यांपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त लोक तिसऱ्या वर्षीही सौदे करतच राहिले. ती मी त्याला सांगितली नाही. तीही त्याला माहीत असणार.

त्याच्या आईला मात्र मी एक सांगितलं, की पाटल्यांची गोष्ट नवऱ्यापासून लपवू नको. १८६५ मध्ये रांगेतल्या एकाने दुसऱ्याला खरं सांगितलं असतं की माझ्याकडे पैसे नाहीत, तर १ जुलैच्या आधी काही घरं वाचली असती असं मला वाटतं. प्रत्येक जण चांगले कपडे घालून, घोडागाडीतून बाजारात जात राहिला. लाजेपायी बुडालेला पैसा हा लोभापायी बुडालेल्यापेक्षा कमी नसावा. तिने त्या रात्री घरी सांगितलं. दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी बापाने मुलाला बसवून सगळा हिशेब कागदावर लिहायला लावला, तारीखवार. किती घातले, किती आले. मुलाने पहिल्यांदाच एकूण बेरीज केली. दीड वर्ष रोज आकड्यांकडे बघणाऱ्या इंजिनिअरने एकदाही बेरीज केलेली नव्हती. पुढे काय होईल ते मी आज सांगू शकत नाही.

प्रेमचंदजींचं पुढचं थोडक्यात सांगते. ते कोसळले, पण पुन्हा उभे राहिले आणि १९०६ पर्यंत जगले. तेजीच्या काळातच, १८६४ मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि आई राजाबाईंच्या नावाने मनोऱ्यासाठी दोन लाख दिले होते. पाया १८६९ मध्ये घातला गेला, काम १८७८ मध्ये पुरं झालं. राजाबाईंना दिसत नव्हतं आणि त्यांचा चौविहाराचा नेम पक्का होता, घड्याळाच्या टोल्यांवरून त्यांना सूर्यास्ताआधीच्या जेवणाची वेळ कळायची, अशी आठवण सांगतात. कोट्यवधी रुपयांतून आज डोळ्यांना दिसण्यासारखं जे काही उरलं त्यात हा मनोरा आहे. फोर्टात गेलात तर ओव्हल मैदानाच्या बाजूने बघा, तिथून छान दिसतो.

दलालांनीही धंदा सोडला नाही. १८७५ मध्ये त्यांनी आपली संघटना बांधली, तेच पुढे मुंबई शेअर बाजार. एप्रिल १९९२ मध्ये तिथला निर्देशांक ४,४०० च्या वर गेला होता आणि नंतर काय झालं ते आपल्या पिढीने पाहिलंच आहे. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, मी भर घालत नाही.

बॅक बे मात्र एवढ्यावर सुटला नाही. पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी तोच समुद्र पुन्हा भरायला काढला, या वेळी सरकारी पैशाने. खर्चाचे अंदाज चुकले, काम रखडलं, भर वाहून जाऊ लागली. लोक त्या योजनेला उघड 'लॉइडचा मूर्खपणा' म्हणू लागले. त्यातला गैरकारभार वेशीवर टांगला तो वीर नरिमन यांनी. त्यांच्यावर एका इंग्रज इंजिनिअरने अब्रुनुकसानीचा खटला भरला, त्यातून ते १९२८ मध्ये निर्दोष सुटले. पुढे त्याच बाजूला आणखी समुद्र भरला, मोठमोठ्या इमारती उठल्या आणि त्या जागेला नाव दिलं नरिमन पॉइंट. त्यांना विचारून दिलं नसणार.

आणि पहिली कंपनी, ती १८६५ ची? ती मोडली तेव्हा किनाऱ्यालगत भर टाकून काढलेला एक अरुंद पट्टा तयार होता. तो सरकारने घेतला आणि त्यातली जागा बी.बी.सी.आय. रेल्वेला दिली. त्यावरून रूळ पुढे नेले, १८७० मध्ये चर्चगेट स्टेशन उघडलं. २०१३ पासून डहाणूहून निघून बोईसर, पालघर घेत काही लोकल थेट चर्चगेटला जातात. मरीन लाइन्स सोडल्यावर ती गाडी त्याच पट्ट्यावरून जाते. आपली कितीतरी मुलं त्या गाडीने नोकरीला जातात. बाजार सव्वानऊला उघडतो, तेव्हा बहुतेकांच्या हातात मोबाईल असतो.